जिना उतरणारा बाहुला

बालमित्रांनो, जत्रेत मिळणारं एक खेळणं तुम्ही नक्की पाहिलं असेल. दोन उभ्या काड्या, त्यांच्या मधोमध एक आडवी काडी, आणि वरच्या टोकांना बांधलेल्या दोऱ्यावर लटकणारं एक चिमुकलं माकड नाहीतर पहिलवान. काड्यांची खालची टोकं मुठीत दाबली, की हा पठ्ठ्या टुणकन वर उसळतो, कोलांटी मारतो आणि पलीकडे लटकतो. पुन्हा दाबा, पुन्हा कोलांटी!

मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. आमच्याकडे जत्रेच्या दुसऱ्या दिवशी वर्गात पिपाण्या आणि भिंगऱ्या यांचीच हजेरी जास्त असते. एका वर्षी एका मुलीनं असा पहिलवान आणला होता. मधल्या सुट्टीनंतर मी वर्गात शिरते तो काय! ती मुलगी रडतेय, आणि शेजारच्या बाकावर एक मुलगा समोर दोन काड्या, एक पहिलवान आणि एक सुटा दोरा मांडून बसलाय. गाठ सोडून त्यानं अख्खं खेळणं मोकळं केलं होतं.

माझा पारा चढला. "मोडायला काही अक्कल लागत नाही! आता जोडून दाखव," असं मी त्याला सगळ्यांसमोर बोलले.

तो मान खाली घालून म्हणाला, "बाई, मला मोडायचं नव्हतं. आत काय आहे ते बघायचं होतं."

"मग? काय सापडलं आत?"

"काहीच नाही बाई. नुसता दोरा."

दुसऱ्या दिवशी त्यानं खेळणं जोडून आणलं. गाठी छान घट्ट बसल्या होत्या. पण काड्या दाबल्या, तर पहिलवान नुसता थरथरला. कोलांटी मारायचं नावच नाही! मग काय, सगळा वर्ग भोवती जमला. हा म्हणतो दोरा सैल आहे, ती म्हणते काडी वाकडी आहे. शेवटी रडणाऱ्या त्या मुलीनंच ओळखलं. पहिलवान खाली लटकत असताना दोऱ्याचे दोन पदर एकमेकांवरून गेलेले हवेत, म्हणजे दोऱ्याला पीळ हवा. काड्या दाबल्या की वरची टोकं लांब जातात, दोरा ताणला जातो, पीळ उलगडायला बघतो आणि उलगडता उलगडता पहिलवानाला उलटा फेकतो. पहिलवानाची सगळी ताकद त्या पिळात होती!

खरं सांगू का? लहानपणापासून मी हे खेळणं खेळत आले होते. पण ते कोलांटी का मारतं, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून कसरती करणाऱ्या जुन्या बाहुल्यांविषयी दिसेल ते मी वाचायला लागले. त्यातल्या तीन बाहुल्यांची गोष्ट आज तुम्हाला सांगते. आणि एका माणसाचीही!

चाक नाही, स्प्रिंग नाही

पहिला बाहुला जपानचा. उंचीनं वीतभरसुद्धा नाही. अंगात रंगीत रेशमी कपडे, डोक्यावर केसांचा बुचका. त्याच्यासाठी एक लहानसा लाकडी जिना असतो. बाहुल्याला सगळ्यात वरच्या पायरीवर, जिन्याकडे पाठ करून उभं करायचं आणि हात सोडायचा.

क्षणभर तो नुसता उभा राहतो. जणू श्वास घेतोय! मग हळूच मागे वाकतो. हात खालच्या पायरीवर टेकतात. पाय वर उचलले जातात, डोक्यावरून पलीकडे जातात, आणि बाहुला खालच्या पायरीवर पुन्हा उभा! पुन्हा क्षणभर थांबतो. पुन्हा वाकतो. असं करत करत एकेक पायरी उतरून तो तळाला येतो.

आपल्याकडे डोंबाऱ्याच्या खेळात पोरं पाठीमागे वाकून अशीच कोलांटी घेतात. पण ती पोरं जिवंत असतात, रोज सराव करतात. हा तर लाकडाचा बाहुला! त्याला चावी नाही, आत दाते असलेलं चाक नाही, स्प्रिंग नाही. दोऱ्यानं त्याला वरून कोणी नाचवतही नाही. मग तो हलतो कसा?

तर मुलांनो, त्याच्या पोटात पारा आहे.

पारा म्हणजे जुन्या थर्मामीटरमधला तो चकचकीत धातू. इतर धातू घट्ट असतात, पारा मात्र आपल्या नेहमीच्या हवेत पाण्यासारखा पातळ असतो. पण वजन? पाण्याच्या १३.६ पट! पाण्यात लोखंडाचा खिळा बुडतो, पाऱ्यावर तोच खिळा चक्क तरंगतो. शिवाय पारा लाकडाला ओलं करत नाही. पाणी लाकडात मुरतं. पारा मात्र घरंगळत पुढे जातो, मागे थेंबही ठेवत नाही.

बाहुल्याचं धड आतून पोकळ असतं. त्या पोकळीला दोन टोकं, एक डोक्याकडचं आणि एक पायांकडचं, आणि दोन्हींच्या मध्ये अरुंद वाट. आत थोडासा पारा. बाहुला किंचित कलता उभा केला, की पारा त्या अरुंद वाटेनं डोक्याकडे वाहायला लागतो. डोक्याकडची बाजू जड होते आणि बाहुला मागे कलंडतो. हात खालच्या पायरीवर टेकतात. आता सगळं वजन हातांच्या बाजूला गेलेलं, पाय हलके! ते वर उचलले जातात आणि पलीकडे पडतात. तोवर पारा पुन्हा नव्या वाटेला लागलेला असतो. हातपाय आतून रेशमी दोऱ्यांनी एकमेकांशी बांधलेले असतात. ते कुठवर वळायचे आणि कुठं अडायचे, हे त्या दोऱ्या ठरवतात.

आणि तो क्षणभर थांबतो, श्वास घेतल्यासारखा, तो कशामुळे? पाऱ्याला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला वेळ लागतो ना, त्यामुळे! वाट फार रुंद ठेवली तर बाहुला धाडकन आपटेल. फार अरुंद ठेवली तर अर्ध्यातच अडकेल. पारा कमी पडला तर वाकणारच नाही, जास्त झाला तर तोल जाईल. जिन्याच्या पायऱ्यासुद्धा बाहुल्याच्या मापाच्याच हव्यात, सगळ्या सारख्या. कारागिराचं कसब हे असं! बाहेरून बघणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही. दिसतो तो फक्त गोंडस चेहरा आणि रेशमी कपडे.

अशा बाहुल्या चीनमध्येही बनत. त्या युरोपात पोचल्या तेव्हा तिथले मोठमोठे विद्वानही चक्रावले. मुशेनब्रुक नावाचे एक डच शास्त्रज्ञ होते. त्यांचा भौतिकशास्त्राचा मोठा ग्रंथ १७६२ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरानं प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी या कोलांट्या मारणाऱ्या चिनी बाहुल्यांची रचना समजावून सांगितली आहे. विजेचे प्रयोग करणारा एवढा नामवंत शास्त्रज्ञ, आणि एका खेळण्याच्या आत काय आहे ते बघत बसला होता. आमच्या वर्गातल्या त्या मुलासारखाच!

पेटीतला झुलेकरी

दुसरा बाहुला युरोपातला. त्याची गोष्ट एका खऱ्याखुऱ्या कसरतपटूपासून सुरू होते.

फ्रान्समधल्या तुलूझ गावात ज्यूल लेओतार नावाचा तरुण राहत होता. वडिलांची व्यायामशाळा होती आणि तिथं पोहण्याचा तलावही होता. लेओतारनं तलावाच्या वर झोपाळ्याच्या दांड्या टांगल्या आणि एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर झेप घ्यायचा सराव सुरू केला. झेप चुकली तर खाली पाणी! १२ नोव्हेंबर १८५९ रोजी पॅरिसच्या सर्कशीत त्यानं पहिल्यांदा हा खेळ लोकांना दाखवला. तुम्ही सर्कशीत उंच झुल्यांवरच्या झेपा पाहिल्या असतील, तर त्यांची सुरुवात तिथली. कसरत करताना तो घालायचा त्या अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखाला आजही त्याच्याच नावानं 'लिओटार्ड' म्हणतात.

लेओतार एवढा प्रसिद्ध झाला, की खेळणी करणाऱ्यांनी त्याला लगेच पेटीत बसवला! काच लावलेली एक उथळ पेटी. काचेच्या मागे सर्कशीचं रंगीत चित्र. चित्रापुढे एक दांडी, आणि दांडीला दोन्ही हातांनी लटकलेला पुठ्ठ्याचा लेओतार. पेटी एकदा गोल फिरवून पुन्हा सरळ ठेवली, की लेओतार सुरू! झोके घेतो, वर चढतो, दांडीवरून गरकन फिरतो, मध्येच उलटा थांबतो, आता काय करणार म्हणेपर्यंत पुन्हा खाली झेपावतो. कितीदा पाहिलं तरी पुढची उडी कुठली ते सांगता येत नाही.

याच्या पेटीत पारा नाही. आहे ती साधी कोरडी बारीक वाळू! चित्राच्या मागे, वरच्या बाजूला वाळूचा एक कप्पा असतो. त्याच्या तळाशी लहान भोक. वाळू भोकातून धारेनं खाली पडते, ती नेमकी पुठ्ठ्याच्या एका चाकावर. चाकाला पाणचक्कीसारखी पाती असतात. वाळूच्या भारानं चाक फिरतं. चाकाची तार चित्रातून पुढे आलेली असते आणि तिलाच लेओतारचे हात बांधलेले असतात. चाक फिरलं की हात फिरतात. सगळी वाळू तळाला जमली, की खेळ थांबतो. पेटी फिरवली की वाळू बाजूच्या वाटेनं पुन्हा वरच्या कप्प्यात जाते.

आता एक विचार करा. चाक तर सारखं एकाच दिशेनं फिरतं. मग लेओतारच्या उड्या दर वेळी वेगळ्या कशा? गंमत त्याच्या सांध्यांत आहे. खांदे आणि मांड्या दोऱ्यानं सैल जोडलेल्या असतात. हात वर गेले की धड मागे रेंगाळतं, धड वर आलं की पाय मागे राहतात, मग एकदम भार पुढे पडतो आणि पाय उसळी घेतात. सांधे घट्ट केले असते, तर लेओतार घड्याळाच्या काट्यासारखा नुसता गोल गोल फिरला असता. कारागिरानं काय घट्ट बांधावं हे जसं ठरवलं, तसंच काय सैल सोडावं हेही ठरवलं. त्या सैलपणामुळेच पुठ्ठा जिवंत वाटतो.

छत्तीस दोऱ्या

तिसऱ्या बाहुल्यांसाठी पुन्हा जपानला जाऊ या. डोंगरांच्या कुशीत ताकायामा नावाचं गाव आहे. तिथं दर वर्षी ९ आणि १० ऑक्टोबरला शरद ऋतूचा उत्सव भरतो. आपल्याकडे रथोत्सवात रथ सजवतात ना, तसेच तिथं लाकडी कोरीवकामाचे उंच उंच रथ बाहेर काढतात. त्यातल्या एका रथावर होतेई नावाच्या हसऱ्या, ढेरपोट्या देवाची मूर्ती आहे. त्याच्याकडे दोन मुलं येतात, तीही लाकडाची! ती एका झुल्यावरून दुसऱ्या झुल्यावर उडी मारत मारत पुढे सरकतात आणि शेवटी होतेईच्या अंगाखांद्यावर जाऊन बसतात.

खाली उभ्या असलेल्या गर्दीला वाटतं, ही मुलं स्वतःच उडतायत. पण रथाच्या आत, कोणाला दिसणार नाहीत अशी माणसं बसलेली असतात. त्यांच्या हातांत मिळून ३६ दोऱ्या असतात. कोणती दोरी कोणी, कधी आणि किती ओढायची, हे ठरलेलं. एकानं जरा आधी ओढली तर मूल झुल्यावरून पडेल. म्हणून सगळ्यांचे हात एकाच तालात चालावे लागतात. हे पुस्तकातून येत नाही. जुनी माणसं नव्यांना शेजारी बसवून शिकवतात.

असे रथांचे उत्सव जपानमध्ये अनेक गावांत होतात. त्यांतले ३३ उत्सव २०१६ साली युनेस्कोनं जगाचा सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवले, त्यात ताकायामाही आहे. युनेस्कोची ही यादी इमारतींची किंवा किल्ल्यांची नाही बरं का! ती माणसांच्या हातांत आणि आठवणीत असलेल्या वारशाची आहे. लाकडी मुलं तिजोरीत ठेवता येतात. दोरी ओढणाऱ्या हाताचं ज्ञान तिजोरीत कसं ठेवणार? ते कोणालातरी द्यावंच लागतं.

गुपित सांगून टाकणारा माणूस

आता त्या माणसाची गोष्ट.

दोरीनं, पाऱ्यानं किंवा चाकांनी हलणाऱ्या अशा बाहुल्यांना जपानी भाषेत 'काराकुरी' म्हणतात. १६६२ साली ओसाका शहरात ताकेदा ओमी नावाच्या कारागिरानं काराकुरीचं नाटकगृह सुरू केलं होतं. लोक तिकीट काढून बाहुल्यांचे खेळ बघायला गर्दी करत. साहजिकच बाहुल्यांच्या आत काय आहे, हे खेळ करणारे कोणाला सांगत नसत. गुपित फुटलं तर धंदा बुडाला!

होसोकावा हान्झो नावाचा एक माणूस तोसा प्रांतात राहत होता. गणित, पंचांग, घड्याळं यांचा त्याचा मोठा अभ्यास. घड्याळांवरून आठवलं, जपानमध्ये यांत्रिक घड्याळ पहिल्यांदा पोचल्याची नोंद आहे ती १५५१ सालची. फ्रान्सिस झेवियर यांनी ते तिथल्या एका सरदाराला भेट दिलं होतं, आणि झेवियर जपानला गेले होते ते आपल्या गोव्याहून! पुढे जपानी कारागीर स्वतः घड्याळं बनवायला शिकले. त्यांच्याकडे दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग मानत. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून दिवसाचे भाग लांब, हिवाळ्यात आखूड! असं बदलतं मोजमाप दाखवणारी घड्याळं बनवणं काही सोपं नव्हतं. त्यातूनच तिथल्या कारागिरांचे हात तयार झाले.

तर या होसोकावांनी एक पुस्तक लिहिलं. नाव 'काराकुरी झुई', म्हणजे यंत्रांचा चित्रसंग्रह. १७९६ साली ते छापून निघालं आणि त्याच वर्षी होसोकावा वारले. पुस्तकाचे तीन भाग. पहिल्या भागात चार प्रकारची घड्याळं. उरलेल्या दोन भागांत नऊ काराकुरी. आणि त्या नवांमध्ये आपला जिना उतरणारा बाहुलाही आहे! त्याचं पोट उघडून आतली पाऱ्याची वाट, दोऱ्या, हातापायांचे सांधे, सगळं चित्र काढून दाखवलेलं. शेजारीच त्याचा जोडभाऊ. दोन बाहुले दोन दांड्यांनी एकमेकांना जोडलेले, आणि आळीपाळीनं एकमेकांच्या डोक्यावरून पलीकडे जाणारे. तिथंही पाराच!

याच पुस्तकात चहा देणारी बाहुलीही आहे. तिच्या हातातल्या तबकात कप ठेवला, की ती चालत पाहुण्याकडे जाते. पाहुण्यानं कप उचलला की थांबते. रिकामा कप परत ठेवला की वळून माघारी येते. तिच्या पोटात लाकडाची दातेरी चाकं असतात. आणि स्प्रिंग? ती पोलादाची नाही, देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्टीची! होसोकावांनी तिचेही सुटे भाग मापांसकट काढून ठेवले. म्हणून तर विसाव्या शतकात अभ्यासकांना ती चित्रं समोर ठेवून चहा देणारी बाहुली नव्यानं बनवता आली, आणि ती खरोखर चालली!

पुस्तकाच्या सुरुवातीला होसोकावांनी जे म्हटलंय ते मला फार आवडतं. माझ्या शब्दांत सांगते. काही नवीन बनवायचं असेल तर पुष्कळ बघावं, बघितलेलं मनात साठवावं आणि वेळ आली की त्यातून युक्ती काढावी. पाण्यात शेपटी हलवणारा मासा बघूनच कोणालातरी नावेचं सुकाणू सुचलं ना! हे पुस्तक म्हणजे तसा पोरखेळच. पण बघणाऱ्याची नजर तशी असेल, तर यातूनही त्याला काही सुचू शकेल.

आणि तसंच झालं. हे पुस्तक निघाल्यानंतर तीन वर्षांनी, १७९९ साली, कुरुमे गावात तानाका हिसाशिगे जन्मला. लहानपणापासून त्याला बाहुल्या बनवायचं वेड. त्यानं धनुष्यातून बाण मारणारा मुलगा बनवला. तो बाहुला स्वतःच्या हातानं एकेक बाण उचलतो आणि नेम धरून सोडतो. पुढे तानाकांनी घड्याळं केली, वाफेवर चालणारी यंत्रं केली. १८७५ साली, वयाच्या पंचाहत्तरीत, त्यांनी तोक्यो शहरात तारयंत्राचं सामान बनवणारा कारखाना काढला. त्या कारखान्यातूनच पुढे 'तोशिबा' ही मोठी कंपनी उभी राहिली. बाहुल्यांपासून कारखान्यापर्यंत!

पाऱ्यापासून मात्र लांब

इथं एक गोष्ट कानात घालून ठेवा. हा बाहुला वाचून कोणीही पारा शोधायला जायचं नाही. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास येत नाही, पण ती विषारी असते. जुन्या कारागिरांना हे आजच्याइतकं माहीत नव्हतं. पुढे त्याच जपानमध्ये मिनामाता गावाजवळच्या समुद्रात कारखान्याच्या सांडपाण्यातून पाऱ्याचं विषारी संयुग गेलं. तिथले मासे खाऊन हजारो माणसं आजारी पडली. १९५६ साली हा रोग उघडकीला आला. पाऱ्याचा वापर कमी करायचा जो जागतिक करार २०१३ साली झाला, त्याला त्या गावाचंच नाव दिलं आहे. तेव्हा घरात जुना थर्मामीटर फुटला तर ते चमकते थेंब हातानं गोळा करायचे नाहीत. मोठ्यांना हाक मारायची.

मग कोलांटी कशी बघायची? सोपं आहे. पाऱ्याऐवजी गोटी!

करून बघा

एक काचेची गोटी घ्या. जेवणाचा डबा गुंडाळतात तो चंदेरी कागद घ्या. त्याची एक पट्टी कापून बोटाभोवती गुंडाळा आणि नळी करा. नळी एवढी रुंद हवी की गोटी आतून सहज घरंगळेल, आणि गोटीच्या साधारण तिप्पट लांब. एक टोक दुमडून बंद करा, गोटी आत टाका, दुसरंही टोक दुमडा. आता ही पुडी झाकणाच्या लहान डब्यात घाला आणि डबा जोरजोरानं गोल हलवा. थोड्या वेळानं उघडून बघा. गोटीनं आतून ठोकून ठोकून दोन्ही टोकं छान गोल केलेली असतील!

एका पाटीवर रुमाल पसरा, पाटी तिरकी धरा आणि वरच्या बाजूला ही गोळी उभी ठेवा. गोटी आतल्या आत खालच्या टोकाला धावते, गोळी डोक्यावर उलटते, गोटी पुन्हा धावते, गोळी पुन्हा उलटते. झाली की कोलांटी! आता बघा, पाटी कमी तिरकी केली तर काय होतं? नळी जास्त लांब केली तर? रुमाल काढला तर? वहीत लिहून ठेवा. एक फरकही शोधा. गोटी लगेच धावते, म्हणून आपली गोळी घाईघाईनं उतरते. पारा अरुंद वाटेनं सावकाश जातो, म्हणून तो बाहुला थांबून थांबून, ऐटीत उतरतो.

आमच्या वर्गात आता कोपऱ्यात एक खोकं आहे. त्यात बंद पडलेलं गजराचं घड्याळ, जुनी बॉलपेनं, चावी तुटलेली मोटार असं काय काय असतं. ज्याला आत काय आहे ते बघायचंय, त्यानं त्यातलं उघडावं. नियम तीनच. दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय उघडायची नाही. विजेवर चालणारं काही उघडायचं नाही. आणि उघडण्याआधी कागदावर चित्र काढायचं, म्हणजे परत जोडता येईल. तिसरा नियम मी केला नाही हं. दोऱ्याचा पीळ विसरला होता ना, त्याच मुलानं सुचवला!

त्या मुलीला विचारल्याशिवाय त्यानं खेळणं सोडलं, ही त्याची चूक होती. त्यानं तिची माफी मागितली. पण मोडायला अक्कल लागत नाही, असं मी सगळ्यांसमोर बोलले, ती माझी चूक होती. तीही मी सगळ्यांसमोरच कबूल केली. तेव्हा तो नुसता हसला आणि म्हणाला, "बाई, ते घड्याळ उघडू का?"

तर मुलांनो, तुमची गोळी किती कोलांट्या मारून पाटीच्या तळाशी पोचली, ते मोजा. आणि तुमच्या जत्रेत कसरत करणारं आणखी कुठलं खेळणं मिळतं, ते कसं चालतं, तेही चित्र काढून कळवा. मी वाट बघते.